कशावरून? : नववीच्या वर्गातल्या जाहिरात प्रकल्पाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, आज शाळा उघडली. सहामाहीच्या मराठीच्या पत्रिका सुट्टीत घरी तपासल्या, त्यातला एक प्रश्न काही केल्या मनातून जात नाही. ग्रंथप्रदर्शनाची जाहिरात तयार करा, असा साधा प्रश्न होता. जवळजवळ प्रत्येकाने पट्टीने चौकट आखली, वर 'त्वरा करा! त्वरा करा!!' लिहिलं, मधे '५०% सूट', खाली 'एकदा अवश्य भेट द्या' आणि ९८ने सुरू होणारा मोबाइल नंबर. प्रदर्शनात पुस्तकं कोणती आहेत, नववीतल्या मुलाने तिथे का जावं, याबद्दल एक ओळही नाही. मांडणी बरोबर होती म्हणून गुण दिले. देताना वाईट वाटलं.

दहावीला कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत जाहिरात लेखन येणारच आहे. मुलं तेव्हाही हेच लिहितील आणि गुणही मिळवतील. पण ही मुलं दिवसभरात शेकडो जाहिराती बघतात, त्यातल्या एकीलाही कधी प्रश्न विचारत नाहीत. आधी बघायला शिकवायचं आणि मग लिहायला, असं ठरवलं. मुख्याध्यापक सरांकडे आठवड्याला दोन तास मागितले. मिळाले. या वहीत मुलांची नावं लिहिणार नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काल सांगितलं होतं, घरी जाताना जी जाहिरात दिसेल ती जशीच्या तशी उतरवून आणा किंवा कागद असेल तर कागदच आणा. आमची मुलं पंचवटीतून, रविवार कारंज्यावरून, काही थेट सिडकोतून येतात, म्हणजे अर्धं नाशिक वर्गात आलं. क्लासची पत्रकं, साबणाचे कागद, 'घडणावळ मोफत', शेअर रिक्षात चिकटवलेलं 'उंची वाढवा', गंगापूर रोडच्या फ्लॅटचं चकचकीत पत्रक. फळ्यावर जागा उरली नाही म्हणून मागच्या भिंतीवर लावलं.

एका मुलाने फ्लेक्सवरचा आकडा वहीत उतरवला होता आणि त्याच्या डोक्यावर छोटीशी चांदणीही काढली होती. "ही कशाची?" म्हणून विचारलं. म्हणाला, "बाई, तिथे होती. तिचं उत्तर खाली बारीक लिहिलंय, पण रस्त्यावरून वाचता येत नाही." तेव्हापासून वर्गात एक नवा शब्द रुळला. कुठलंही लपवलेलं कलम दिसलं की मुलं म्हणतात, "चांदणी आहे."

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज युक्त्यांना नावं दिली. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचा अभ्यास करणारी एक संस्था स्थापन झाली होती. लोकांचं मन वळवण्याच्या सात पद्धती तिने वेगळ्या काढल्या. मी त्या सात इंग्रजी नावांनी सांगितल्याच नाहीत. प्रत्येकीचं उदाहरण भिंतीवर शोधून दाखवलं आणि म्हटलं, नाव तुम्ही ठेवा.

मोठ्या माणसाची किंवा पवित्र गोष्टीची प्रतिष्ठा आपल्या मालाला चिकटवायची, याला एका मुलीने 'उसनी पुण्याई' म्हटलं. मला इतकं चपखल नाव सुचलं नसतं. गोदाघाटाचं चित्र आणि वर प्लॉटची जाहिरात, हे त्याचं उदाहरण तिनेच दिलं. सोयीचं तेवढं दाखवायचं आणि गैरसोयीचं दाबायचं, ती 'झाकली मूठ'. सगळे घेतात म्हणून तुम्हीही घ्या, ही 'मेंढरांची रांग'. ज्यांचा अर्थ धरता येत नाही असे भारदस्त शब्द, म्हणजे 'झगमग'. नट-खेळाडूंची शिफारस, 'नटाची साक्ष'. साध्या घरातली बाई कॅमेऱ्याकडे बघून बोलते ती 'आपलंच माणूस'. सातवी पद्धत दुसऱ्याला नावं ठेवण्याची. ती राजकीय प्रचारात सर्रास दिसते, दुकानाच्या जाहिरातीत कमी, असं मी म्हटलं. मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "टीव्हीवर दुसरी बादली दाखवतात ना बाई, 'साधी पावडर' म्हणून!" बरोबर होतं त्याचं. नाव न घेता नावं ठेवलेली असतात. आठवी पद्धत मुलांनी आपणहून घातली, 'घाई'. 'ऑफर फक्त आजच'चं पत्रक एकाकडे दिवाळीच्या आधीपासूनचं होतं.

पण नुसती नावं पाठ करून काय होणार? म्हणून प्रत्येक जाहिरातीखाली एकच प्रश्न लिहायचा ठरलं, 'कशावरून?'

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बालदिनाचा कार्यक्रम आटोपून उरलेल्या अर्ध्या तासात एक ताजी बातमी घेतली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कालच कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती लागेल, तीही निकालानंतर घेतलेली. फोटोसोबत त्याचा क्रमांक, त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला, किती मुदतीचा, पैसे भरून की फुकट, हेही द्यावं लागेल. क्लासच्या फ्लेक्सनी भरलेल्या कॉलेज रोडवरून रोज जाणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

एक मुलगा उभा राहिला. त्याच्या मोठ्या बहिणीचा फोटो बारावीनंतर एका क्लासच्या फ्लेक्सवर लागला होता. "ताई तिथे फक्त सराव परीक्षांना जायची. शिकली दुसरीकडे." घरी कुणी तक्रार केली का, असं विचारलं. नाही. सगळ्यांना आनंदच झाला, आजीने चौकात जाऊन फोटो बघितला. वर्गात दोन तट पडले. ताईचं काही नुकसान झालं नाही, मग बिघडलं कुठे? हे म्हणणारे बरेच होते. तेव्हा एरवी फारशी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "ताईला बघून ज्यांनी फी भरली, त्यांचं काय?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत.

२५ नोव्हेंबर, सोमवार

निवडणुकीचं प्रशिक्षण, २० तारखेचं मतदान, मग राहिलेली कामं. मधले दहा दिवस प्रकल्पाला हात लागला नाही. शाळेत मतदान केंद्र होतं म्हणून भिंतीवरचे कागद काढून ठेवले होते, ते आज मुलांनी पुन्हा लावले. काढले होते त्याच क्रमाने, मी न सांगता.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज दादासाहेब फाळके. पांडवलेण्याच्या पायथ्याचं स्मारक सगळ्यांनी सहलीत पाहिलंय. जन्म त्र्यंबकेश्वरचा, आणि 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी आपलं चित्रपटाचं बस्तान नाशिकला हलवलं, एवढं मुलांना माहीत असतं. पण तो माणूस जाहिरातीचाही जाणकार होता, हे माहीत नसतं.

१९१३ साली चित्रपट घेऊन ते सुरतेला गेले तेव्हा प्रेक्षकच येईनात. पहिल्या दिवशीचा गल्ला तीन रुपये, असं सांगतात. लोकांना तासन्‌तास चालणाऱ्या नाटकांची सवय, तासाच्या आत संपणाऱ्या खेळाला पैसे कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, तिचा आशय असा: ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत. लोक आले.

मुलांना हे इतकं आवडलं की त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, यात कोणती युक्ती? गिऱ्हाईक म्हणतं 'खेळ छोटा आहे', आणि फाळके वेळेचं नावच काढत नाहीत. ते लांबी मोजतात, चित्रं मोजतात. जे कमी आहे त्याचं मापच बदलून टाकलं. हे मुलांनी स्वतः शोधलं, मला फक्त दोन प्रश्न विचारावे लागले.

आणि मग कुणीतरी म्हणालंच, "कशावरून?"

गणिताच्या सरांना बोलावलं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी मावतात. ५७,००० भागिले १६ म्हणजे साधारण ३,५६२ फूट. चित्रपटाची लांबी ३,७०० फुटांच्या आसपास होती अशी नोंद मिळते, म्हणजे छायाचित्रांचा आकडा चोख. मैलाचे फूट ५,२८०. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट, आणि फिल्म भरली जेमतेम पाऊण मैलाच्याही आत. एकाच जाहिरातीत एक आकडा खरा आणि दुसरा जवळजवळ तिप्पट फुगवलेला.

वर्ग शांत झाला. एका मुलाला फार वाईट वाटलं, म्हणाला, "बाई, फाळके खोटं बोलले?" मी सांगितलं ते मनापासून सांगितलं: त्या माणसाने घरचं सामान विकून, बायकोचे दागिने गहाण ठेवून हा उद्योग उभा केला होता आणि रिकाम्या खुर्च्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. माझा त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी होत नाही. पण दोन मैल नव्हते ते नव्हते. आणि ५७,००० हा खरा आकडा एकट्यानेही पुरेसा जबरदस्त होता. आजचा तास या वर्षातला माझा सर्वांत चांगला तास.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज कायद्याचा भाग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, अंमल २०२० पासून. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत, आणि शिफारस करणारा नटही त्यातून सुटत नाही. त्याने आधी खातरजमा केलेली नसेल तर त्याच्यावर एक ते तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी येऊ शकते. 'नटाची साक्ष' या नावाला त्यामुळे वजन आलं. २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दावा ज्या भाषेत, खालची टीपही त्याच भाषेत हवी. मुलं धावत मागच्या भिंतीकडे गेली. फ्लॅटच्या पत्रकावर दावा मराठीत, चांदणीचं उत्तर इंग्रजीत.

मग 'उंची वाढवा'चा कागद काढला. औषधं आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा १९५४ सालचा, त्याच्या यादीत माणसाची उंचीही आहे आणि मधुमेहही. असे इलाज सांगणारी औषधाची जाहिरात करायलाच बंदी. हे सांगताना मी हसत हसत म्हटलं, असल्या कागदावर विश्वास कोण ठेवतं? मुलंही हसली.

तास संपल्यावर एक मुलगा दाराशी थांबला. वर्गात सर्वांत पुढे उभा राहणारा, रांगेत उंचीप्रमाणे. त्याने ती पावडर घेतली होती. बाराशे रुपये, आईने भिशीतून काढून दिलेले. तीन महिने दुधातून घेतली. डबा अजून कपाटात आहे, म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना. त्या एका वाक्याबद्दल मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "त्याचं काही नाही बाई. पण १९५४ चा कायदा आहे, तर तो कागद अजून रिक्षात कसा?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोघांनी मिळून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावला आणि तक्रार नोंदवली. नोंदणी क्रमांक त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

स्वतःसाठी एक नियम: विश्वास ठेवणाऱ्याला हसायचं नाही. ती जाहिरात त्याच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बेतलेली असते. बाकी सगळं शिकवायच्या आधी हेच शिकवायला हवं होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

आता लिहिण्याचा भाग. १४ तारखेला शाळेचा आनंद मेळावा आहे, मुलांचे खाऊचे स्टॉल लागतात. काल्पनिक जाहिराती नकोत, खऱ्या मालाच्या करू. एका मुलीची आई नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करून विकते. माहेर पेठ तालुक्याकडचं, नागली तिकडूनच येते. तिच्या गटाने पापडाची जाहिरात घेतली आणि पहिला मसुदा आणला:

'१००% शुद्ध! कॅल्शियमचा खजिना! मधुमेहाला करा रामराम! नाशिकचे नंबर वन नागली पापड!'

पंधरा-वीस दिवस दुसऱ्यांच्या युक्त्या पकडणाऱ्या मुलांनी स्वतः लिहायची वेळ आल्यावर सगळ्या युक्त्या ओळीने वापरल्या. मी रागावले नाही. दुसऱ्याचं लबाड वाक्य ओळखणं आणि आपल्या माणसासाठी तेच लिहिण्याचा मोह टाळणं, ही दोन वेगळी कामं आहेत, हे मलाही आजच नीट कळलं. एवढंच म्हटलं, प्रत्येक ओळीपुढे 'कशावरून?' लिहा आणि उत्तर पापड करणारीला विचारा.

७ डिसेंबर, शनिवार

पापड करणाऱ्या ताई, म्हणजे त्या मुलीची आई, आज शाळेत आल्या. मुलांनी मसुदा वाचून दाखवला. त्यांनी पदर सावरून शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "मधुमेहाचं काढून टाका रे बाळांनो. शेजारच्या काकू गोळ्या सोडून पापड खातील आणि मला पाप लागेल. आणि शंभर टक्के नागली नसते. उकडीला चिकटपणा यायला मी थोडं साबुदाण्याचं पीठ घालते. सगळ्याच घालतात असं नाही, मी घालते."

कॅल्शियमचं विज्ञानाच्या बाईंकडून तपासलं. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये हे फारच चांगलं. पण ताईंचा पापड वजनाला दहा ग्रॅमच्या आसपास. दोन पापड खाल्ले तर फार तर ७० मिलिग्रॅम, साबुदाणा धरला तर त्याहून कमी. मुलांनी स्वतःच 'खजिना' खोडला.

"मग आम्ही लिहू काय?" मुलगी रडकुंडीला आली होती. ताई म्हणाल्या, "मी काय करते ते लिही की."

आणि सांगू लागल्या. नागली धुऊन वाळवायची, दळून आणायची. पाण्याला उकळी आली की जिरं, तीळ, मीठ, पापडखार, मग पीठ. गुठळी होऊ द्यायची नाही. उकड गरम असतानाच मळायची, हात भाजतो, तेलाचं बोट लावत राहायचं. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटून गच्चीवर. दोन कडक उन्हं. त्यांनी हात पुढे केला, तळव्याच्या कडेला उकडीचे जुने डाग होते. मुलं लिहून घेत होती. मग एकाने विचारलं, "लोक घेत नाहीत ते का घेत नाहीत?" हा प्रश्न मी शिकवलेला नव्हता. ताई म्हणाल्या, "रंगामुळे. काळपट दिसतो ना. लोकांना पांढरा पापड लागतो."

१० डिसेंबर, मंगळवार

गटाने पाचव्यांदा लिहिलेला मजकूर, जसा आहे तसा:

'हा पापड काळपट आहे. नागलीचा आहे म्हणून. पेठची नागली, जिरं, तीळ, मीठ, पापडखार आणि उकड जुळून यावी एवढंच साबुदाण्याचं पीठ. दुसरं काही नाही. दोन उन्हं दाखवलेला. तळून बघा, भाजून बघा. एक चव इथेच घ्या, आवडला तरच पुडा न्या. २५ पापड, ८० रुपये. आमची आई करते.'

साठ शब्दांच्या आत. फाळक्यांसारखीच सुरुवात गिऱ्हाइकाच्या तक्रारीपासून आहे, पण त्यांनी तिचं नाव टाळलं, इथे लोक ज्याला कमी लेखतात तेच पुढे आणलंय. 'आपलंच माणूस'ही आहे, फक्त इथे ते खरोखर आपलंच आहे. मन वळवणं म्हणजे फसवणं नव्हे, हे मी तोंडाने दहा वेळा सांगितलं असतं तरी एवढं पटलं नसतं. 'आमची आई करते' ही ओळ शेवटी ठेवायची की पहिली, यावर गटात भांडण झालं. मुलगी म्हणाली शेवटी, आधी पापड बघू दे. तिचं मी मान्य केलं.

१४ डिसेंबर, शनिवार

मेळावा. पापडाचे ६० पुडे आणले होते, ४३ गेले. फलक वाचून थांबणारे बरेच, 'काळपट का?' विचारणारे त्याहून जास्त, आणि मग मुलगी त्यांना उकडीपासून सगळं सांगायची. एक आजोबा ऐकून म्हणाले, आमच्या घरी असाच व्हायचा. दोन पुडे घेतले.

शेजारच्या भेळेवर मात्र झुंबड होती. 'एकावर एक फ्री!' तासाभरात सगळं संपलं असतं. पण आमच्याच वर्गातल्या दोघांनी जाऊन विचारलं, कशावरून फ्री? काल वर्गात ठरलेला भाव प्लेटला १५ होता, आज ३० लिहिलेला. म्हणजे दोन प्लेटचे पैसे घेऊन एकीला फ्री म्हणायचं. भेळवाले त्यांचे जिवलग मित्र. चांगलीच बाचाबाची झाली, एकजण रडला. अखेर त्यांनी फलक उलटा करून मागे लिहिलं, 'दोन प्लेट ३० रुपये'. भेळ तरीही संपलीच, थोडी उशिरा.

४३ पुडे फलकामुळे गेले की मुलीच्या बोलण्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. ताईंना मात्र तो फलक घरी हवा होता. दिला.

२० डिसेंबर, शुक्रवार

शेवटचा तास. सहामाहीचाच प्रश्न पुन्हा दिला, ग्रंथप्रदर्शनाची जाहिरात. 'त्वरा करा' तिघांनी लिहिलं, आणि त्यातल्या एकाने पुढे कारण दिलंय, 'प्रदर्शन दोनच दिवस आहे'. मग ते बरोबरच आहे. उंचीच्या पावडरीवाल्या मुलाने लिहिलं, 'इथे असं एक पुस्तक आहे जे वाचताना तुम्ही कुणापेक्षा लहान नाही.' मी त्याच्याजवळ बसून ते पुन्हा वाचलं. त्याच्या तक्रारीचं अजून काही कळलेलं नाही. दर सोमवारी आम्ही दोघं चौकशी करतो.

तास संपताना दोन मुली कागद घेऊन आल्या. फाटकावरच्या आपल्या शाळेच्या प्रवेशाच्या फ्लेक्सचा मजकूर होता. 'नाशिकमधील अग्रगण्य शाळा. सुसज्ज ग्रंथालय. सर्वांगीण विकास.' प्रत्येक ओळीपुढे लाल पेनाने 'कशावरून?' लिहिलेलं.

कागद तसाच मुख्याध्यापक सरांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून वाचला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जानेवारीत नवा फ्लेक्स करायचाय. त्यांनाच लिहू द्या." मुलींनी तिथेच 'अग्रगण्य' काढून टाकलं. ग्रंथालयाच्या ओळीवर अडल्या. 'मधल्या सुट्टीत रोज उघडं असतं' असं त्यांना लिहायचं होतं, पण ते आठवड्यातून एकदाच उघडतं.

किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात असते. येत्या सोमवारपासून रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडणार आहे. ती ओळ मुलींनी पेन्सिलने लिहून ठेवली आहे. महिनाभर बघू आणि मग पेनाने गिरवू, असं म्हणाल्या.